गल्ल्याशेजारचा खाऊ : इंग्लंडचा नियम आणि भारतातील पाच रुपयांची पुडी

नवी दिल्ली : सुपरमार्केटमध्ये वेफर्स, चॉकलेट आणि बिस्किटे कोठे मांडावीत, हा आता केवळ दुकानदाराच्या मर्जीचा विषय राहिलेला नाही. चरबी, मीठ व साखर यांचे प्रमाण अधिक असलेले ठरावीक वर्गांतील पदार्थ मोठ्या दुकानांच्या प्रवेशद्वारापाशी, फडताळांच्या रांगांच्या टोकांना आणि गल्ल्याजवळ ठेवण्यास इंग्लंडमध्ये ऑक्टोबर २०२२ पासून बंदी आहे. विक्रीला मनाई नाही. ग्राहकाला तो पदार्थ शोधत आत जावे लागते, इतकेच. ऑक्टोबर २०२५ पासून अशा पदार्थांवरील ‘एकावर एक मोफत’ या धर्तीच्या योजनाही थांबविण्यात आल्या.

या नियमामागील तर्क किरकोळ व्यापारातील प्रत्येकाला ठाऊक आहे. पैसे देण्यासाठी रांगेत थांबलेल्या ग्राहकाच्या, आणि त्याहूनही सोबतच्या मुलाच्या, हाताशी जे असते ते यादीत नसतानाही टोपलीत पडते. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील बर्कली शहराने २०२० मध्येच या जागेवर बोट ठेवले. तेथे २,५०० चौरस फुटांहून मोठ्या दुकानांत, एका वेळच्या खाण्यात ५ ग्रॅमपेक्षा अधिक वाढीव साखर किंवा २०० मिलिग्रॅमपेक्षा अधिक सोडियम असलेला पदार्थ गल्ल्यापाशी ठेवता येत नाही.

भारतात हाच नियम जसाच्या तसा आणावा, अशी सूचना आकर्षक वाटते. पण ती फारशी उपयोगाची नाही. इंग्लंडचा मांडणीविषयक नियम २,००० चौरस फुटांहून, म्हणजे सुमारे १८५ चौरस मीटरहून, लहान दुकानांना लागू नाही. पन्नासपेक्षा कमी कर्मचारी असलेल्या व्यवसायांनाही त्यातून सूट आहे. आपल्याकडील किराणा दुकान दोन्ही कसोट्यांवर सहज निसटते. तेथे प्रवेशद्वार, फडताळ आणि गल्ला या तीन वेगळ्या जागा नसतातच. पुड्यांच्या माळा दारातच लटकलेल्या असतात आणि त्यांच्याआडून दुकानदार हिशेब करतो.

एक अपवाद मात्र विचारात घेण्याजोगा आहे. इंग्लंडचे निर्बंध संकेतस्थळांच्या मुखपृष्ठालाही आणि पैसे भरण्याच्या पानालाही लागू होतात. काही मिनिटांत घरपोच किराणा देणाऱ्या ॲपचा वापर भारतीय शहरांत ज्या वेगाने वाढला, तो पाहता आपला खरा ‘गल्ला’ काही प्रमाणात भ्रमणध्वनीच्या पडद्यावर आला आहे. येथे नियमन तुलनेने सोपे आहे. चर्चा मात्र फारशी होत नाही.

किराणा दुकानापर्यंत पोहोचायचे तर नियम पदार्थाच्या वेष्टनावर असावा लागतो. चिलीने २०१६ मध्ये तो मार्ग धरला. साखर, सोडियम, संपृक्त मेद किंवा उष्मांक मर्यादेपलीकडे असल्यास वेष्टनाच्या दर्शनी भागावर काळे अष्टकोनी चिन्ह सक्तीचे झाले आणि पुढे २०१८ व २०१९ मध्ये मर्यादा आणखी कडक करण्यात आल्या. दुकान लहान असो वा मोठे, ते चिन्ह पुडीबरोबर जाते. भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने २०२२ च्या मसुद्यात याऐवजी तारकांची पद्धत सुचविली. पदार्थाला किती तारका, हे सांगणारी ही पद्धत इशारा देत नाही, गुण देते. आरोग्यक्षेत्रातील संघटनांचा आक्षेप नेमका यावरच आहे. हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि एप्रिल २०२५ मध्ये न्यायालयाने तज्ज्ञ समितीला शिफारशींसाठी तीन महिन्यांची मुदत दिली. पुढे ती वाढविण्यात आली.

दरम्यान कररचनेने वेगळीच दिशा घेतली. २२ सप्टेंबर २०२५ पासून बिस्किटे व चॉकलेटवरील वस्तू व सेवा कर १८ वरून ५ टक्क्यांवर आला आणि वेष्टित नमकीनवरील १२ वरून ५ टक्क्यांवर. साखरयुक्त वायुमिश्रित शीतपेयांवर मात्र ४० टक्के. अनेक कंपन्यांनी पाच-दहा रुपयांच्या पुडीची किंमत न बदलता वजन वाढविण्याचा मार्ग स्वीकारला. ग्राहकाला ही सवलत वाटते, आणि आहेही. पण आरोग्याच्या दृष्टीने तिचा अर्थ त्याच पैशांत अधिक मीठ, अधिक तेल असा होतो.

इशारा असो वा तारका, तपशील लहान वेष्टनांचा आहे. विद्यमान नियमांत १०० चौरस सेंटिमीटरपेक्षा अधिक पृष्ठभाग नसलेल्या वेष्टनांना पोषणमूल्यांची माहिती छापण्यातून सूट मिळते. मुलांच्या हाती सर्वाधिक सहज पडणारी सुटी चॉकलेटे व टॉफ्या यांपैकी बऱ्याच वस्तू याच सवलतीत बसतात.