अनोळखी माणसाला किडनी द्यायची आहे?

नात्यागोत्यात नसलेल्या माणसाला आपली एक किडनी द्यावी, असं मनापासून वाटणारे लोक आपल्या देशात आहेत. केरळमधले धर्मगुरू फादर डेव्हिस चिरमेल यांनी २००९ मध्ये ती दिली. ‘व्ही-गार्ड’चे संस्थापक कोच्चौसेप चिट्टिलप्पिळ्ळी यांनी २०११ मध्ये एका ट्रकचालकासाठी दिली. तुमच्याही मनात हे आलं असेल, तर तुमचं मन मोठं आहे यात शंका नाही. पण निर्णय नुसत्या मनाच्या भरवशावर घेऊ नका.

आधी कायदा समजून घ्या. १९९४ चा अवयव प्रत्यारोपण कायदा जवळचे नातेवाईक कोण ते सांगतो: पती-पत्नी, आई-वडील, मुलं, भावंडं, आजी-आजोबा आणि नातवंडं. यांच्याबाहेरच्या कुणालाही किडनी द्यायची, तर प्राधिकार समितीची परवानगी लागते. समितीसमोर गेल्यावर पहिला प्रश्न येतो, ‘का?’ या रुग्णाशी तुमचा संबंध काय, जुने फोटो आहेत का, दोघांचं तीन वर्षांचं उत्पन्न किती, मध्ये कुणी दलाल आहे का, हे सगळं तपासलं जातं. तुमच्या घरच्या माणसालाही बोलावून विचारतात, आणि मुलाखतीचं व्हिडिओ चित्रीकरण होतं. ओळखदेखच नसेल, तर परवानगी मिळणं फार अवघड.

हा जाच वाटेल, पण तो कशासाठी आहे ते लक्षात घ्या. कर्जात बुडालेल्या गरिबाची किडनी पैसेवाल्याने विकत घ्यायची आणि कागदावर ‘आपुलकी’ लिहायचं, असं आपल्याकडे घडलेलं आहे. मोबाईलवर ‘किडनी हवी, योग्य मोबदला’ असा निरोप आला, तर उत्तर देऊ नका, पुढेही पाठवू नका. व्यवहार सिद्ध झाला तर पाच ते दहा वर्षं कैद आणि वीस लाख ते एक कोटी रुपये दंड आहे. घेणारा, देणारा, जमवून देणारा, कुणीच सुटत नाही.

आता शरीराचं. राहिलेली किडनी थोडी मोठी होते आणि बरंचसं काम सांभाळून घेते. शस्त्रक्रिया बहुतेक ठिकाणी दुर्बिणीने होते. काही दिवसांत घरी सोडतात, पण अंगमेहनतीचं काम काही आठवडे बंद. हमाली किंवा मजुरी करणाऱ्याने त्या दिवसांचा घरखर्च कोण चालवणार, हे आधीच ठरवावं. दात्याचा मृत्यू क्वचित होतो. अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात हे प्रमाण दहा हजारांत सुमारे तीन होतं. पण ते शून्य नाही. पुढे आयुष्यभर दरवर्षी रक्तदाब, लघवी आणि क्रिएटिनिन तपासायचं, आणि अंग दुखलं म्हणून मेडिकलमधून वेदनाशामक गोळी आणून परस्पर घ्यायची नाही. मूल व्हायचं असलेल्या बाईने तर डॉक्टरांशी वेगळं बोलावं, कारण किडनी दिल्यानंतरच्या गरोदरपणात रक्तदाब वाढण्याचा धोका जास्त असतो.

डॉक्टरांना एकट्याने भेटा. रुग्णाचे नातेवाईक बाहेर थांबू देत. मनात धाकधूक असेल तर तिथेच सांगा. सगळ्या तपासण्या झाल्या, सही झाली, तारीख ठरली, तरी ‘नाही’ म्हणायचा हक्क तुमचाच असतो. मागे फिरलात म्हणून तुम्ही कुणाचे गुन्हेगार होत नाही.

घरातच कुणी डायलिसिसवर असेल आणि तुमचा रक्तगट जुळत नसेल, तर ‘स्वॅप’बद्दल विचारा. अशाच अडचणीतल्या दुसऱ्या कुटुंबाशी जोडी लागते: तुमची किडनी त्यांच्या रुग्णाला, त्यांची तुमच्या. २०११ च्या दुरुस्तीने याला कायद्यात जागा मिळाली आहे.

बाकी आपण सगळे अनोळखी माणसासाठी जे खरंच करू शकतो, ते मरणानंतरचं दान. त्यात एक सोडून दोन किडन्या दोन माणसांना मिळू शकतात, आणि दात्याला कसलाच धोका उरत नाही. महाराष्ट्रात मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथल्या विभागीय समन्वय केंद्रांकडे प्रतीक्षायादी असते. अवयव त्या यादीनुसार जातात. ‘नोटो’ या राष्ट्रीय संस्थेच्या संकेतस्थळावर आधार क्रमांक देऊन आपली इच्छा नोंदवता येते.

मात्र नुसती नोंद पुरत नाही. मेंदू मृत झाल्याचं डॉक्टर सांगतात, तेव्हा अतिदक्षता विभागाबाहेर बसलेल्या बायकोला, मुलाला, भावाला विचारलं जातं. ‘त्यांची इच्छा काय होती?’ याचं उत्तर त्यांच्याकडे नसेल, तर रडत्या घरात कुणी ‘हो’ म्हणायला धजत नाही. म्हणून अर्ज आज भरला नाही तरी चालेल, घरच्यांना मात्र आजच स्पष्ट सांगा.