हाडं भरायच्या वयातच शाळेचं जेवण बंद

इतवारी (नागपूर) : कुही, उमरेड, भिवापूरकडचा किराणा दुकानदार माल भरायला अजूनही इतवारीतच येतो. नागभीडची छोटी रेल्वे 2019 मध्ये बंद झाली, आता एसटी नाहीतर छोटा हत्ती. बाजार मात्र तोच. तिथून गावात काय जातं हे पाहिलं की गावातली पोरं काय खातात ते कळतं. कुरकुऱ्यांच्या लडी, थंड पेयाच्या बाटल्या आणि गेल्या काही वर्षांत उंची वाढवणाऱ्या पावडरचे डबे. पोरगा बारा-तेराचा झाला, शेजारच्यापेक्षा बुटका दिसला, की मायबाप डबा घेतातच.

त्या डब्याबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. अशा पेयांना ‘हेल्थ ड्रिंक’ म्हणून विकू नका, असं केंद्राच्या वाणिज्य मंत्रालयानं एप्रिल 2024 मध्ये ऑनलाइन विक्री करणाऱ्या कंपन्यांना सांगितलं. कारण अन्नसुरक्षा कायद्यात ‘हेल्थ ड्रिंक’ नावाची व्याख्याच नाही. उंची बरीचशी मायबापाकडून येते, बाकी लहानपणापासूनचं खाणं आणि आजारपण. हाडांच्या टोकाची वाढीची पट्टी एकदा मिटली, की कोणताही डबा काही करू शकत नाही.

खरा प्रश्न उंचीचा नाही, हाड किती भरतं याचा आहे. मुलींच्या हाडात सगळ्यात जास्त कॅल्शियम साठतं ते साडेबाराच्या आसपास, मुलांच्या चौदाच्या आसपास. त्या वयाच्या आगेमागे मिळून दोनच वर्षांत मोठ्या माणसाच्या हाडातला जवळपास पाव हिस्सा जमा होतो. हाड आधी लांब होतं, भरतं मागाहून. म्हणून याच वयात पोरं पडली की मनगट मोडतं. वीसच्या पुढं या साठ्यात फार भर पडत नाही. पन्नाशीनंतर बाईचं कंबरडं खचतं, त्याची सुरुवात कधीकधी सातवी-आठवीतच झालेली असते.

आता शाळेकडे या. पोषण आहार आठवीपर्यंतच. सहावी ते आठवीला रोज 150 ग्रॅम तांदूळ आणि 20 ग्रॅम प्रथिनांचा हिशोब आहे. मुलींचा भर त्यात निघून जातो. पण मुलाची हाडं जोरात भरायला लागतात तेव्हा तो नववीत जातो आणि ताट बंद होतं. त्यात भर म्हणजे नोव्हेंबर 2023 मध्ये सुरू झालेलं आठवड्याचं अंडं. जानेवारी 2025 मध्ये त्याचा सरकारी पैसा थांबला, लोकसहभागातून करा म्हणून सांगितलं. अंड्यात कॅल्शियम फार नसतं, पण प्रथिनं आणि थोडं ड जीवनसत्त्व असतं. ज्या गावात शाळेच्या पंख्यालाही वर्गणी जमत नाही, तिथं अंड्याला कुठून जमणार?

घरच्या ताटाचा हिशोबही बघा. आयसीएमआरच्या 2020 च्या शिफारशीप्रमाणे 13 ते 15 वर्षांच्या पोराला रोज 1000 मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. पोळ्या, भात, तुरीचं वरण, भाजी आणि दोन कप चहा, सगळं मिळून अडीचशे-तीनशेच भरतं. एक पेला दूध म्हणजे सव्वादोनशेच्या वर. पण दावणीला म्हैस असलेल्या घरातही सकाळचं दूध डेअरीवर जातं आणि पोराच्या वाट्याला चहा येतो. पैशाची गरज खोटी नाही, तरी एक पेला मागं ठेवता येतो. बाकी जवसाची चटणी, तीळ, शेवग्याची पानं आपल्याकडे आहेतच. शंभर ग्रॅम तिळात हजाराच्या वर कॅल्शियम असतं. सगळं अंगी लागत नाही, पण रोज एक मोठा चमचा महाग नाही. नाचणीत शंभर ग्रॅमला साडेतीनशेच्या आसपास असतं. ती आपल्याकडे पिकत नाही, पण इतवारीत मिळते. दुकानदारानं मागवली पाहिजे, आणि मागवण्याआधी कुणीतरी मागितली पाहिजे.

कॅल्शियम अंगी लागायला ड जीवनसत्त्व हवं, ते उन्हातून मिळतं. 2016-18 च्या राष्ट्रीय पोषण पाहणीत 10 ते 19 वर्षांच्या सुमारे 24 टक्के मुलामुलींत ते कमी निघालं. उन्हाच्या विदर्भात हे कसं? ऊन कामाचं असतं ते साधारण 11 ते 3, आणि त्या वेळी पोरं वर्गात असतात. नागपूरच्या मे महिन्यात दुपारी कुणी बाहेर पडू नये, पण थंडीतला खेळाचा तास त्याच वेळेत ठेवता येतो. हाड भार पडल्याशिवाय मजबूत होत नाही. कबड्डी, खो-खो, दोरीवरच्या उड्या यांनी ते होतं. आठवीनंतर मुलींना मैदानावरून घरी बोलावून घेतात, तिथं दोन्ही गोष्टी एकदमच तुटतात.

विदर्भापुरती एक वेगळी गोष्ट. या वयाचं पोरगं लंगडत असेल, खुब्यात दुखतंय म्हणत असेल, वयात यायला उशीर होत असेल, तर कॅल्शियमच्या गोळ्या घेण्याआधी सिकलसेलची तपासणी करून घ्यावी. या आजारात खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटतो आणि हाड आतून मरतं. त्यावर दूधही काम करत नाही, डबाही नाही. सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान जुलै 2023 पासून सुरू आहे. तपासणीसाठी आधी गावच्या आशाताईला किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारावं.