परसातला सुरण

मैत्रिणींनो, घर नवं झालं की आपण अंगणापासून परसापर्यंत सगळीकडे फरशी घालून घेतो आणि मग सुरण, अळकुड्या बाजारातून विकत आणतो. बचत गटाच्या बैठकीत मी नेहमी सांगते, फरशी घाला, पण दोन हात जागा मातीची राहू द्या. सुरणाला तेवढी पुरते. पावसाच्या तोंडावर डोळा असलेली फोड शेणकाल्यात बुडवून, सावलीत सुकवून लावायची. पाणी मात्र तुंबू द्यायचं नाही. आठ-नऊ महिन्यांनी पानं पिवळी पडून झाड आडवं झालं, की कंद काढायचा. घाई नसेल तर पुढच्या पावसापर्यंत मातीतच राहू द्या. खाजेला घाबरू नका. हाताला तेल लावून चिरा, चिंच किंवा आमसूल घालून चांगला शिजवा. ‘गजेंद्र’ जातीचा सुरण तर फारसा खाजतही नाही. पण सगळा कंद खाऊन संपवू नका हं! डोळ्याची एक फोड पुढच्या वर्षासाठी ठेवा, एक शेजारणीला द्या. बियाणं आपल्या हाती राहिलं, तरच परस जिवंत राहील.