आजी-आजोबा, ताब्याआधी भेट मागा

कौटुंबिक न्यायालयात मुलांच्या भेटीच्या खोलीबाहेर एक आजोबा बाकावर बसले होते. मांडीवर कापडी पिशवी, तिच्यात बेसनलाडवांचा डबा आणि सँडलचा नवा खोका. दीड वर्षानं नातू भेटणार होता. भेटला, लाडू खाल्ला. पण सँडल काही पायात जाईना. दोन नंबर लहान निघाली. तारखा पडत राहिल्या आणि इकडे पाय वाढत राहिला.

मुलाचा किंवा मुलीचा संसार मोडला, किंवा त्यांच्यापैकी कुणी अकाली गेलं, आणि नातवंडं दिसेनाशी झाली, अशा सगळ्या आजी-आजोबांना माझी विनंती आहे. कोर्टाची पायरी चढण्याआधी आपल्याला नेमकं काय हवंय ते ठरवा. भेट हवी की ताबा? या दोन मागण्यांच्या वाटा अगदी वेगळ्या आहेत.

आधी कडू गोष्ट सांगतो. ‘आमच्या वंशाचा दिवा, आमचा हक्क’ हे बोलणं न्यायालयात टिकत नाही. १९५६च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियमात नैसर्गिक पालक म्हणून वडील आणि आई यांचीच नावं आहेत, आजी-आजोबांचं नाही. पाच वर्षांखालचं मूल साधारणपणे आईकडेच राहतं. तुमचा मुलगा गेला तर पालक सून असते, तुम्ही नाही. सर्व धर्मीयांना लागू असलेल्या १८९०च्या पालक व पाल्य अधिनियमाखाली तुम्हाला अर्ज करता येतो, पण तिथेही न्यायाधीश मुलाचं हित कशात आहे, एवढंच बघतात. मूल समजतं असेल तर त्याची इच्छाही विचारात घेतात.

मग ताबा कधीच मिळत नाही का? मिळतो. कोरोनात आईवडील दोघंही गमावलेल्या गुजरातमधल्या पाच वर्षांच्या मुलाचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. आजोबा ७१ वर्षांचे, आजी ६३ वर्षांची, म्हणून उच्च न्यायालयानं मूल ४६ वर्षांच्या मावशीकडे दिलं होतं. जून २०२२मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो आदेश फिरवला आणि मूल आजी-आजोबांकडे सोपवलं. नुसतं वय झालं म्हणून आजी-आजोबा बाद होत नाहीत, हे त्यातून स्पष्ट झालं. पण तिथे आईवडील हयात नव्हते, हे विसरू नका. उलट २०२५मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे जे प्रकरण आलं, त्यात आजीनं नातू लहानपणापासून सांभाळला होता, पण आईवडील दोघंही होते. जिव्हाळा कितीही असला तरी जन्मदात्यांपेक्षा वरचा हक्क त्यातून मिळत नाही, असं न्यायालयानं सांगितलं.

भेटीचं मात्र तसं नाही. एका प्रकरणात मुलाच्या वडिलांचं निधन झालेलं, आईचं म्हणणं असं की सासरी छळ झाला आणि मुलानं या आजी-आजोबांना कधी पाहिलेलंही नाही. तरीही २०२०मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं त्यांना दिलेली भेटीची मुभा कायम ठेवली. मोठ्यांच्या भांडणापायी मुलापासून आजी-आजोबांची माया हिरावली जाऊ नये, हे न्यायालयालाही पटतं. तुम्ही ते शांतपणे मांडलं पाहिजे, एवढंच.

आता काय करायचं ते सांगतो. पहिला फोन वकिलाला नको, सुनेला किंवा जावयाला करा. ‘रविवारी बागेत तासभर भेटू दे, तूही ये’ एवढंच म्हणा. जुनं काही उकरू नका. मुलाचा किंवा मुलीचा घटस्फोट परस्परसंमतीनं होत असेल तर संमतीच्या अटींमध्ये आजी-आजोबांच्या भेटीचं कलम घालून घ्या: गणपतीचा एक दिवस, दिवाळीचे दोन, मे महिन्यातला आठवडा, मधल्या काळात व्हिडिओ कॉल. त्या वेळी लिहून घेतलेली एक ओळ पुढचे कितीतरी हेलपाटे वाचवते.

बोलून जमलं नाहीच, तर नातवंड ज्या जिल्ह्यात राहतं तिथल्या कौटुंबिक न्यायालयात, ते नसेल तर जिल्हा न्यायालयात अर्ज करा. निकाल लागेपर्यंत भेट मिळावी म्हणून अंतरिम अर्जही लगेच द्या. समुपदेशकासमोर आढेवेढे घेऊ नका. पुष्कळ प्रकरणं तिथेच सुटतात. लसीकरणाचं कार्ड, शाळेच्या फीच्या पावत्या, एकत्र फोटो, म्हणजे तुम्ही मुलासाठी काय केलंत ते दाखवणारे कागद जोडा. सुनेनं काय केलं नाही त्याची यादी नको. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, हेल्पलाइन १५१००. महिलांना ही मदत उत्पन्नाची अट न लावता मोफत मिळते, तेव्हा आजीच्या नावानं अर्ज करायला विसरू नका.

आणि काही गोष्टी चुकूनही करू नका. शाळेच्या फाटकातून मूल परस्पर उचलून आणू नका. सुट्टीला आलेलं मूल अडकवून ठेवू नका. भेटीत ‘आई घरी काय बोलते?’ असं तर विचारूच नका. मूल घरी जाऊन ते सांगतं, आणि पुढची भेट त्या प्रश्नापायी जाते.

ज्यांच्याकडे मूल आहे त्या आईला, बापालाही सांगणं आहे. नवऱ्याशी किंवा बायकोशी तुमचं नातं संपलं असेल, मुलाची आजी अजून आजीच आहे. भीती वाटत असेल तर भेट तुमच्या समोर ठेवा, पण ठेवा.

त्या आजोबांनी सँडल परत पिशवीत टाकली. खोक्याचं झाकण जमिनीवर ठेवलं, त्यावर नातवाला पाय ठेवायला सांगितलं आणि खिशातल्या पेनानं पायाच्या कडेकडेनं रेघ काढून घेतली. नातू गुदगुल्यांनी हसत होता. पुढची भेट पंधरा दिवसांनी होती.