फॉर्मवरचे गुण म्हणजे निदान नव्हे

शाळेतून निरोप येतो : मूल एका जागी बसत नाही, लक्ष देत नाही, डॉक्टरांना दाखवा. दवाखान्यात एक फॉर्म पालकांना मिळतो, दुसरा वर्गशिक्षकांसाठी. खुणा होतात, गुणांची बेरीज होते आणि कित्येक घरांत तिथेच निकाल लागतो : पोराला एडीएचडी आहे. पालकांनो, हा निकाल नव्हे. ही फक्त पहिली चाळणी आहे.

एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकणे व अतिचंचलता, ही मेंदूच्या वाढीशी संबंधित खरी अडचण आहे. त्यात आईच्या संस्काराचा दोष नाही. मदत मिळाली नाही तर हुशार मूलही मागे पडते, शाळा सोडते. म्हणून फॉर्म फेकून देऊ नका. पण तो काय सांगू शकतो, हे समजून घ्या.

व्हँडरबिल्ट नावाच्या फॉर्मचे उदाहरण घ्या. त्यातले पहिले १८ प्रश्न एडीएचडीचे : ९ लक्षाचे, ९ चंचलतेचे. उत्तरे चारच : कधीच नाही, कधीकधी, बरेचदा, नेहमी. ९ पैकी ६ ठिकाणी ‘बरेचदा’ किंवा ‘नेहमी’ आले की संशय धरतात. पण ‘बरेचदा’ म्हणजे किती? ते भरणाऱ्याच्या नजरेवर ठरते.

आता हिशेब पाहू. जगभरातील अभ्यासांनुसार शंभर मुलांत साधारण पाच जणांना एडीएचडी असतो. म्हणजे १००० मुलांत ५०. समजा, फॉर्म शंभरात ८० वेळा बरोबर ठरतो. मग तो ५० पैकी ४० मुले पकडेल, १० सुटतील. उरलेल्या ९५० निरोगी मुलांपैकी १९० जणांवरही तो चुकून बोट ठेवेल. म्हणजे सगळ्याच मुलांना फॉर्म भरायला लावला, तर बोट ठेवलेल्या २३० जणांत खरे फक्त ४०.

नजर कशी फसते पाहा. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातील २०१२ च्या एका मोठ्या अभ्यासात, वर्गातल्या सर्वांत लहान, डिसेंबरात जन्मलेल्या मुलग्यांना जानेवारीत जन्मलेल्यांपेक्षा एडीएचडीचा शिक्का ३० टक्के अधिक बसलेला आढळला. वयाने लहान असणे हाच आजार ठरला! मग ‘वस्तीतली पोरं अशीच’ असे आधीच ठरवून बसलेल्या शिक्षकाने भरलेल्या खुणांवर किती विसंबायचे? उलट, गप्प बसून खिडकीबाहेर पाहणारी मुलगी कुणाला त्रास देत नाही, म्हणून तिची अडचण नजरेतून सुटते.

म्हणून पूर्ण तपासणी मागा. निदानासाठी लक्षणे १२ वर्षांच्या आतली, किमान ६ महिने टिकलेली आणि घर, शाळा अशा दोन ठिकाणी दिसणारी हवीत. त्यांच्यामुळे मुलाच्या रोजच्या जगण्यात अडथळा येत असला पाहिजे. कान, डोळे, रक्तक्षय, अपुरी झोप, घरातला ताण, वाचन-लेखनाची अडचण हेही तपासले पाहिजे. एका खोलीत रात्री उशिरापर्यंत टीव्ही चालू असेल, तर सकाळी वर्गात लक्ष लागणार कसे?

फॉर्म इंग्रजीत असेल तर प्रत्येक प्रश्नाचा अर्थ विचारा. विचारण्यात कमीपणा नाही. शाळा-अंगणवाडीत येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाकडे मुलाचे नाव द्या. त्यांच्या यादीत एडीएचडी आहे, आणि पुढची तपासणी जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात मोफत होते.

पाच मिनिटांच्या खुणांवर मुलाला औषध सुरू होऊ देऊ नका, आणि ‘मोठा झाला की सुधारेल’ म्हणून तपासणी टाळूही नका. दोन्हींत नुकसान मुलाच्या शिक्षणाचेच होते.