लूम भिवंडीत, प्रदर्शन नोएडात

कापड उद्योगाच्या यंत्रांचं ‘इंडिया आयटीएमई’ हे मोठं प्रदर्शन 2016 साली गोरेगावला भरलं होतं. त्यानंतरचं, 2022 सालचं, ग्रेटर नोएडाला गेलं. भिवंडीच्या कारखानदाराला गोरेगाव म्हणजे सकाळी निघून रात्री घरी. ग्रेटर नोएडा म्हणजे तिकीट, हॉटेल आणि तीन-चार दिवस कारखाना दुसऱ्याच्या भरवशावर.

आयोजकांचा हिशेब मला कळतो. त्यांना उंच छताचे हॉल लागतात, टनावारी वजन पेलणारी जमीन लागते, थ्री फेज वीज लागते. एअरजेट चालवून दाखवायचा तर कॉम्प्रेस्ड हवाही लागते. जवळ विमानतळ आणि बऱ्यापैकी हॉटेलं हवीतच. या यादीत मालेगाव बसत नाही, हे मान्य. तिथं साधं रेल्वे स्टेशन नाही, मनमाडला उतरावं लागतं.

पण ही सगळी यादी यंत्र विकणाऱ्याच्या सोयीची आहे. विकत घेणारा कुठं राहतो, हा प्रश्न तीत येतच नाही. चोवीस लूमचा मालक एकवेळ विमानानं जाईल. लूमची नाडी ज्याला कळते तो जॉबर मात्र घरीच राहतो. धोट्याच्या लूमवर आयुष्य काढलेल्या त्या माणसानं रेपियर चालताना पाहिला, हात लावून पाहिला, चार आडवे प्रश्न विचारले, तर मालकाचे लाखो रुपये वाचतील. चकचकीत इंग्रजी कॅटलॉग हे काम करत नाही.

सुरतनं काय केलं पाहा. तिथल्या चेंबर ऑफ कॉमर्सनं सरसाणाला स्वतःचं प्रदर्शन केंद्र उभं केलं आणि तिथं यंत्रांची प्रदर्शनं भरवली. विणकर स्कूटरवर जाऊन यंत्र पाहून येतो. आपल्याकडे भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी, सोलापूर अशी चार चार कापडाची गावं, आणि आपण दिल्लीच्या निमंत्रणपत्रिकेची वाट बघत बसतो.

माझं मत भिवंडीला आहे. रस्ते आणि ट्रॅफिकचं नाव काढलं की लोक हसतील, हसू द्या. पण तिथं एवढी गोदामं आहेत की दोन-तीन भाड्यानं घेतली तरी हॉलचा प्रश्न सुटतो. ट्रक थेट दारात लागतो, न्हावा-शेवाचे कंटेनर तिथं येतातच, आणि मुक्कामाला ठाणे आहे. गोदामात कसलं प्रदर्शन, असं नाक मुरडणाऱ्यांनी हॅनोव्हर आठवावं. तिथला जगप्रसिद्ध औद्योगिक मेळा 1947 मध्ये महायुद्धातून वाचलेल्या एका कारखान्याच्या शेडमध्ये सुरू झाला. युरोपातला आयटीएमए हा यंत्रांचा मेळाही 2027 मध्ये हॅनोव्हरलाच आहे.

एकदम आंतरराष्ट्रीय काही नको. पन्नास स्टॉल पुरेत, यंत्रं मात्र चालू हवीत. माहिती मराठी, उर्दू आणि हिंदीत द्या, किमती उघड लिहा, बँकेचा माणूस कर्जाच्या कागदांसह बसवा. तारीख रमजान टाळून धरा, आणि एक दिवस शुक्रवार ठेवा. त्या दिवशी मालेगावचे लूम बंद असतात, त्यामुळे जॉबरलाही सोबत आणता येईल. जुम्याच्या नमाजानंतर गर्दी वाढेल, तेव्हा संध्याकाळी सहाला शटर ओढू नका.