सीमोल्लंघन आणि परतीची तारीख

आज विजयादशमी. दारांवर झेंडूची तोरणे चढली आहेत, एकेक आकडा जोडून पाटीवर रेखलेल्या सरस्वतीपुढे वह्या-पुस्तके मांडली गेली आहेत, आणि कालच्या खंडेनवमीला धुऊन-पुसून ठेवलेले विळे, पाने, रिक्षा, शिलाई यंत्रे इतकेच काय, लॅपटॉपही कपाळी हळदीकुंकवाची बोटे मिरवीत आहेत. साडेतीन मुहूर्तांतला हा एक. नवे दुकान उघडावे, नव्या घराचा बयाणा द्यावा, मनात घोळणारे काही एकदाचे हाती घ्यावे, तर ते आजच. आणि याच दिवशी, दिवेलागणीला, हाती आपट्याची चार पाने घेऊन थोरामोठ्यांच्या पाया पडायला घरोघरी जायचे, वर्षभराचे अबोलेही जमल्यास तिथेच उंबऱ्यावर सोडून द्यायचे. सकाळ कर्तृत्वाची आणि संध्याकाळ माणसांची, अशी ही एकाच तिथीची वाटणी आपल्या पूर्वजांनी केली. तिच्यात काही वावगे आहे असे त्यांना कधी वाटले नसावे.

आपल्याला मात्र ही वाटणी जमेनाशी झाली आहे. हिंजवडीतल्या एखाद्या टीमची अमेरिकेशी बोलण्याची वेळ आणि सोने लुटण्याची वेळ नेमकी एकच येते; मग कानाला हेडफोन लावूनच दार उघडले जाते, खुणेनेच ‘बसा’ म्हटले जाते, आणि आलेला शेजारी पाने टेबलावर ठेवून पाय न टेकताच परततो. पुण्याच्या सदाशिव पेठेतल्या अभ्यासिका आजही उघड्या आहेत. लातूर, नांदेड, बुलढाण्याहून स्पर्धा परीक्षांसाठी आलेली मुले दुपारी मेसमध्ये श्रीखंड-पुरी खातात, संध्याकाळी मेस बंद म्हणून वडापावावर भागवतात आणि पुन्हा त्याच खुर्चीत येऊन बसतात. ‘पोस्ट निघाली की मग येतो’ हे घरी फोनवर सांगून झालेले असते. ते खोटे नसते. फक्त त्या ‘मग’ला तारीख नसते.

दोष महत्त्वाकांक्षेचा आहे, असे म्हणायला आपली लेखणी धजावत नाही. दसरा हा तर मुळात वेस ओलांडण्याचाच सण. पावसाळा ओसरला, नद्यांना उतार पडला की मराठी फौजा याच मुहूर्तावर मुलूखगिरीला बाहेर पडत, आणि पुढच्या पावसाच्या आत, शेतीच्या हंगामाला, घोडी व माणसे गावी परतावीत अशी रीत होती. पुढे उत्तरेतल्या लांबलचक मोहिमांत ती मोडली, तो भाग वेगळा. पण ध्यानी घेण्याजोगे हे की मोहीम चालू असता तिथे आठवड्याला चार तास घरासाठी काढण्याचा हिशेब नव्हता. मोहीम ती मोहीम, आणि घर ते घर. आज आपण ‘समतोल’ या शब्दाने दर दिवसाचे समान तुकडे पाडू पाहतो, ते जमत नाहीत म्हणून खंतावतो, आणि दोन्हीकडे अर्धेमुर्धे हजर राहतो. प्रबंध पुरा करायचा असेल, नवा धंदा उभा करायचा असेल, तर सहा महिने कोणाच्या घरी जाणे झाले नाही म्हणून आकाश कोसळत नाही. गावी सीमोल्लंघनाला गेलेली माणसे मात्र शमीची पूजा करून त्याच संध्याकाळी वेशीच्या आत येतात, आणि दारी त्यांना ओवाळले जाते. जाणे आणि येणे मिळून तो विधी पुरा होतो. आपल्या मोहिमांना आरंभाचा मुहूर्त असतो, परतीचा नसतो. खरी उणीव ही आहे.

आपट्याच्या कथेतला कौत्सही आज आठवावा असा. चौदा विद्यांची गुरुदक्षिणा म्हणून चौदा कोटी सुवर्णमुद्रा त्याला हव्या होत्या. कुबेराने त्याहून कितीतरी अधिक मुद्रांचा पाऊस पाडला, पण कौत्साने मोजून चौदा कोटीच उचलल्या. उरलेले सोने लोकांनी लुटले. मागणी लहान नव्हती, पण तिला आकडा होता. आपली पगाराची, पदाची, चौरस फुटांची मागणी कोणत्या आकड्याला थांबणार, हे आपण स्वतःला तरी सांगितलेले असते का? (सोन्याच्या नावाखाली बाजारात कांचनाच्या फांद्याच्या फांद्या ओरबाडून येतात आणि उद्या त्यांचे ढीग कचराकुंडीशी दिसतात, ते पाहता ‘पुरे’ म्हणणे आपल्याला पानांच्या बाबतीतही जमलेले नाही.)

शिवाय मोकळा वेळ आपोआप हाती पडतो, हाही आपला एक गोड गैरसमज. ज्या रविवारी आपण निवांत पडतो, तो मुंबईच्या गिरणी कामगारांनी मागून घेतलेला आहे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये कामगारांच्या सभा भरवून ती मागणी लावून धरली आणि १० जून १८९० रोजी ती मान्य झाली. ज्यांनी सूर्य उगवताना आणि मावळताना गिरणीचा भोंगाच ऐकला, त्यांना माणसांत बसण्याच्या एका दिवसाची किंमत ठाऊक होती. तोच दिवस आज आपण ‘जरा मेल बघून घेतो’ म्हणत मालकाने न मागताच परत करतो.

जुन्या येण्याजाण्याचे गोडवे गाताना एक गोष्ट मात्र झाकून ठेवू नये. दारी येणाऱ्या प्रत्येकाला चहा-फराळ मिळत होता, कारण आत कोणीतरी चुलीपुढे उभी होती. तिची राहिलेली पदवी, सुटलेले गाणे, पुढे ढकललेली परीक्षा त्या आदरातिथ्याच्या हिशेबात कधी धरली गेली नाही. आता ती स्वतःच मोहिमेवर निघाली असेल, तर माणसे जोडून ठेवण्याचे काम पुन्हा तिच्याच एकटीच्या गळ्यात घालता येणार नाही. पाहुण्यांचे कप ज्याने त्याने विसळावेत, आणि आत्या-मावशांना फोन करण्याची पाळी घरातल्या पुरुषांवरही यावी.

परदेशातली महाराष्ट्र मंडळे पुष्कळदा दसरा जवळच्या शनिवारावर ढकलतात, त्याचे आपल्याला थोडे हसू येते. येऊ नये. तिथी सरकली तरी भेट सुटली नाही, आणि सभागृह आधी ठरवलेले असल्याने ती टाळण्याची सोयही उरत नाही. इथे तिथी अचूक पाळून आपण सोन्याच्या पानांची चित्रे शंभर जणांना पाठवतो आणि समोरच्या फ्लॅटची घंटा वाजवायची राहून जाते.

पाच दिवसांनी कोजागरी आहे. गच्चीवर दूध आटवायला सोसायटीतले कोणीतरी वर्गणी मागायला येईल, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नऊची मीटिंग असेल. त्या मीटिंगप्रमाणेच गच्चीवरची ही वेळही आजच कॅलेंडरात भरून टाकायला हरकत नाही. अभ्यासिकेतल्या मुलानेही पूर्वपरीक्षेची तारीख भिंतीवर लावली आहेच. तिच्या खाली गावच्या एसटीची तारीख लिहिण्यापुरती जागा उरलेली असते.